ट्रकच्या पाठीवरचे यंत्र आणि एकटा चालक

विशेष प्रतिनिधी

युरोप-अमेरिकेतील एखाद्या वसाहतीत विटा पोहोचवायला आलेला ट्रक पाहिला, तर त्याच्या मागच्या बाजूस एक चमत्कारिक वस्तू लटकलेली दिसते. तीन जाड चाके, एक आसन, उभा पोलादी मास्ट आणि ट्रकच्या पोटात शिरलेले दोन काटे. बंद पडलेला ट्रॅक्टर कुणीतरी टांगून नेत असावे, असेच प्रथमदर्शनी वाटते. ट्रक थांबतो, चालक खाली उतरतो, साखळ्या सोडतो आणि काही मिनिटांत ते यंत्र जमिनीवर येऊन ट्रकच्या सपाट हौद्यावरील विटांची पॅलेट उचलू लागते. क्रेन बोलवावी लागत नाही, हमालांची वाट पाहावी लागत नाही, माल घेणाऱ्याकडे फलाट असण्याचीही गरज नसते. माल उतरला की यंत्र पुन्हा पाठीवर चढते आणि ट्रक पुढच्या पत्त्यावर निघतो.

या यंत्राला ट्रक-माउंटेड फोर्कलिफ्ट म्हणतात. आयर्लंडमधील डंडॉक येथे तयार होणाऱ्या 'मोफेट' यंत्राचा या क्षेत्रात इतका दबदबा आहे, की इतर कंपन्यांच्या यंत्रांनाही कामगार सरसकट मोफेटच म्हणतात. ऑस्ट्रियाची पाल्फिंगर, फ्रान्सची मानितू अशा कंपन्याही ती बनवतात. विटा, लाकूड, जिप्समचे तक्ते, छपराचे साहित्य, बागेसाठी गवताच्या गुंडाळ्या असा माल तिकडे प्रामुख्याने याच मार्गाने घरोघरी पोहोचतो.

आपल्याकडे फोर्कलिफ्ट नवी नाही. भिवंडीची गोदामे आणि न्हावा-शेवा परिसरातील कंटेनर यार्ड तिच्याशिवाय चालणार नाहीत. मात्र माल गोदामातून बाहेर पडून बांधकामाच्या जागी आला, की तो उतरवण्यासाठी 'हायड्रा' क्रेन तरी लागते किंवा माणसाचे खांदे तरी. ट्रकच्या पाठीवरून फिरणारी फोर्कलिफ्ट येथे अद्याप क्वचितच दिसते. पण हलक्या वजनाचे काँक्रीट ब्लॉक, टाइल्स, सिमेंट, प्लायवुड असा माल आता मोठ्या प्रमाणावर पॅलेटवर रचून येऊ लागला आहे. पॅलेट आली की ती उचलणारे यंत्र मागोमाग येते, हा इतर देशांचा अनुभव आहे. तेव्हा हे यंत्र काय करू शकते याबरोबरच ते कुणावर कोणती जबाबदारी टाकते, हेही समजून घेणे आवश्यक आहे.

गोदामाची फरशी आणि अनोळखी अंगण

गोदामातील फोर्कलिफ्ट रोज त्याच फरशीवर चालते. फरशी सपाट असते, मार्ग रंगवलेले असतात, वळणावर आरसे असतात आणि वर देखरेख करणारा पर्यवेक्षक असतो. एवढे असूनही ते यंत्र प्राणघातक ठरू शकते. अमेरिकेतील 'नायोश' या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८० ते १९९४ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा त्या देशात फोर्कलिफ्टच्या अपघातांत १,०२१ कामगार दगावल्याचे आढळले. त्यांतील २२ टक्के मृत्यू यंत्र उलटल्यामुळे झाले होते आणि २० टक्के मृत्यू आसपास चालणाऱ्या माणसाला यंत्राची धडक बसल्यामुळे. हे आकडे सर्व प्रकारच्या फोर्कलिफ्टचे आहेत. पण यंत्र उलटणे आणि माणूस मध्ये येणे ही जी दोन मोठी कारणे त्यांत दिसतात, नेमकी तीच ट्रकवरच्या यंत्राच्या बाबतीत अधिक तीव्र होतात.

कारण या यंत्राची जमीन दर फेरीला बदलते. सकाळी ते डांबरी रस्त्यावर उतरते, दुपारी मुरूम टाकलेल्या आवारात आणि संध्याकाळी पावसाने भिजलेल्या मातीत. चालक त्या जागेवर पहिल्यांदाच आलेला असतो. शिवाय तो एकटा असतो. ट्रक हाकणारा तोच, यंत्र चालवणारा तोच, माल कोठे ठेवायचा यावर ग्राहकाशी हुज्जत घालणाराही तोच. क्रेनच्या कामात चालक, इशारे देणारा आणि माल अडकवणारा अशा तिघांमध्ये वाटलेला विचार येथे एकाच डोक्यात चालतो. या यंत्राची सारी किफायत याच गोष्टीत आहे आणि साऱ्या धोक्याचे मूळही.

उलट चालणाऱ्या कळा

पहिली कसोटी माल उचलण्याआधीच लागते. यंत्र ट्रकवरून उतरते कसे, हे समजले की त्यातला धोका आपोआप कळतो.

ट्रकच्या मागील बाजूस, चासीला पक्क्या जोडलेल्या दोन पोकळ खोबण्या असतात. यंत्राचे काटे त्यांत शिरलेले असतात. एरवी कळ ओढली की मास्टवरून काटे वर-खाली होतात. पण काटे खोबणीत अडकले असताना त्यांना हलायला वाव नसतो, त्यामुळे काट्यांऐवजी यंत्रच हलते. काटे खाली नेण्याची कळ दिली की यंत्र वर चढते. काटे वर नेण्याची दिली की यंत्र खाली उतरते. म्हणजे दिवसभर ज्या कळेचा एक अर्थ हाताला सवयीचा झालेला असतो, तिचा अर्थ नेमक्या या क्षणी उलटा होतो. अनुभवी चालकाचा हातही घाईत येथे चुकू शकतो.

आणखी एक बारकावा आहे. साध्या फोर्कलिफ्टचे काटे खाली येतात ते त्यांच्या व मालाच्या वजनाने. या यंत्राला मात्र स्वतःला उचलून घ्यायचे असल्याने येथे काटे तेलाच्या दाबाने खाली ढकलले जातात. त्याचा परिणाम जमिनीवर काम करतानाही होतो. काट्याखाली एखादा ओंडका आला आणि चालकाने कळ तशीच धरून ठेवली, तर यंत्राची पुढची चाके उचलली जाऊ शकतात. ओंडक्याच्या जागी कुणाचा पाय असेल, तर त्यावर केवळ काट्याचे वजन येत नाही, यंत्राचा भारही येतो.

म्हणून उतरवण्यापूर्वीची तयारी हा उपचार समजून चालत नाही. ट्रक सपाट आणि टणक जागी हवा, हँडब्रेक ओढलेला हवा, चाकांना उटी हवी. आपल्याकडे उटीच्या नावाखाली रस्त्यावरचा दगड लावण्याची पद्धत आहे. अडीच टनांचे यंत्र मागे हेलकावत असताना तो दगड सरकणार नाही याची हमी कुणीच देऊ शकत नाही. ट्रकच्या मागे पुरेशी जागा मोकळी करून तेथे शंकू ठेवावे लागतात, कारण यंत्र हवेत असताना त्याच्याखालून अथवा शेजारून कुणीही जाता कामा नये. आसनावर चढताना दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सतत टेकलेले असावेत. वंगण लागलेल्या पायरीवरून घसरून पडणे हा अपघात किरकोळ वाटतो, पण ही पायरी जमिनीपासून बरीच उंच असते. काही नव्या यंत्रांत चालकाला जमिनीवर उभे राहून दूरनियंत्रकाने यंत्र चढवता-उतरवता येते. ही सोय प्रामुख्याने याच पडण्यावरचा उपाय आहे. साखळ्या आणि अडकवलेल्या खिळी नेमक्या कोणत्या टप्प्यावर काढायच्या, याचा क्रम प्रत्येक बनावटीचा वेगळा असतो. एका यंत्रावर शिकलेला क्रम दुसऱ्यावर वापरणे हा शहाणपणा नव्हे.

वजन कमी केले, त्याची किंमत

अडीच टन माल उचलणारी गोदामातील फोर्कलिफ्ट स्वतः सुमारे साडेतीन ते चार टनांची असते. तिच्या मागे ओतीव लोखंडाचा जड ठोकळा असतो. पुढचे ओझे आणि मागचा ठोकळा यांचा तोल पुढच्या चाकांवर साधला जातो. तराजूचाच हा प्रकार. ट्रकच्या पाठीवर मात्र चार टनांचे धूड लादणे परवडत नाही. प्रत्येक टन यंत्र म्हणजे एक टन माल कमी. म्हणून ट्रकवरचे यंत्र साधारण दोन ते तीन टनांत बसवतात आणि गमावलेला तोल दुसऱ्या युक्तीने परत मिळवतात. मास्ट, किंवा मास्टपुढचे काटे, पुढे-मागे सरकतात. ट्रकवरून पॅलेट घ्यायची तेव्हा ते पुढे जातात. पॅलेट आली की ते मागे ओढून ओझे पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आणले जाते.

यातून एक साधा नियम निघतो. काटे बाहेर काढायचे ते केवळ माल घेताना व ठेवताना. ते बाहेर असताना यंत्र चालवायचे नाही, वळवायचे तर मुळीच नाही. ओझे आत ओढलेले, जमिनीपासून वीतभर वर आणि मास्ट किंचित मागे झुकलेला, याच स्थितीत प्रवास करायचा.

यंत्र उलटते का, याचे उत्तर तीन चाकांच्या त्रिकोणात आहे. पुढची दोन चाके आणि मागचे एकमेव चाक यांना जोडणाऱ्या रेषांचा त्रिकोण कल्पिला, तर यंत्र व ओझे यांच्या एकत्रित वजनाचा मध्य जोवर त्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर यंत्र उभे राहते. ओझे पुढे गेले की तो मध्य पुढच्या रेषेकडे सरकतो. ओझे उंच गेले की तो वर चढतो, आणि मग थोड्याशा उतारानेही रेषा ओलांडतो. मागे त्रिकोण निमुळता असतो, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. म्हणूनच रिकामे यंत्र सुरक्षित ही समजूत चुकीची ठरते. रिकाम्या यंत्राचे बहुतेक वजन मागे, त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे असते. माल ठेवून हलके झालेले यंत्र वेगात वळवले की ते आडवे पडू शकते.

यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता ही नुसती किलोची संख्या नसते, अंतराशी बांधलेली संख्या असते. समजा, पाटीवर २,००० किलो हा आकडा ६०० मिलिमीटर अंतराला दिला आहे. म्हणजे ओझ्याचा मध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून ६०० मिलिमीटरवर असेल तर. काट्यांची पाठ पुढच्या चाकांच्या मध्यापासून ३०० मिलिमीटर पुढे आहे असे धरू. आता तेवढ्याच वजनाची पण लांब पॅलेट आली आणि तिचा मध्य ९०० मिलिमीटरवर गेला, तर साध्या तरफेच्या हिशेबाने क्षमता २,००० वरून १,५०० किलोवर येते. पन्नास किलोची चाळीस पोती रचलेली सिमेंटची पॅलेट बरोबर दोन टनांची होते. ती काट्यांवर पूर्ण आत न घेता टोकावर उचलली, तर पाटीवरच्या आकड्याचा आधार उरत नाही. प्रत्यक्षात यंत्राच्या पुस्तिकेतील तक्ताच प्रमाण मानायचा. हे उदाहरण केवळ अंतराचा महिमा दाखवण्यापुरते.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेणे हा आणखी एक सापळा. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर जाडीची ग्रॅनाइटची एकच लादी सव्वातीनशे किलोच्या आसपास भरते. हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकचे गणित उलट आहे. ते पाणी शोषतात. उघड्यावर पावसात भिजलेली पॅलेट चलनावरच्या कोरड्या वजनापेक्षा बरीच जड असते आणि चलनात ते कुठेच लिहिलेले नसते.

पायाखाली काय आहे?

चालकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न हाच. यंत्र आणि माल मिळून चार-साडेचार टन वजन तीन चाकांवर, आणि माल पुढे असताना त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर असतो. डांबरी रस्ता हे सहज पेलतो. पण नुकतीच बुजवलेली चर पेलेलच असे नाही. वरून ती भोवतालच्या जमिनीसारखीच दिसते. चाक त्यावर गेले की एक बाजू खचते आणि त्रिकोण कलतो. मुंबईतील बहुतेक जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी असते. तिच्यावरची स्लॅब माणसांसाठी, फार तर मोटारीसाठी बांधलेली. गटारांची झाकणे, सेप्टिक टँक, केबलचे चेंबर यांचेही तेच. ग्राहक 'येथे रोज गाड्या उभ्या राहतात' असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. मोटारीचे चाक आणि या यंत्राचे चाक यांतला फरक त्याला ठाऊक नसतो, इतकेच.

त्यामुळे काटे हौद्याला लावण्यापूर्वी यंत्राच्या संपूर्ण मार्गावरून पायी चालून येणे हा या व्यवसायातला पहिला संस्कार मानला जातो. उतार किती, माती मऊ आहे का, वर तारा आहेत का, मुले खेळतात का, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. अमेरिकेतील 'ओशा' या कामगार सुरक्षा यंत्रणेचा नियम असा, की दहा टक्क्यांपेक्षा अधिक उतारावर, म्हणजे दहा मीटरमागे एक मीटर चढ असताना, माल नेहमी चढाच्या बाजूला हवा. मग यंत्र चढत असो वा उतरत असो. उतारावर आडवे चालणे किंवा वळणे टाळायचे. मऊ जमिनीवर जाड प्लायवुडचे किंवा लोखंडी तक्ते अंथरता येतात. पण तेही कोठे पुरतील आणि कोठे नाहीत, हा निर्णय अनुभवाचा आहे.

वरच्या तारांकडे पाहायला तर माणूस हमखास विसरतो, कारण त्याचे लक्ष काट्यांच्या टोकावर असते. मास्ट वर गेला की यंत्राची उंची ट्रकच्या उंचीपेक्षा कितीतरी वाढते. ट्रक ज्या तारेखालून सुखरूप आला, तिला मास्ट टेकू शकतो. ५० किलोव्होल्टपर्यंतच्या वाहिनीपासून क्रेनचा कोणताही भाग किमान दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर दूर असावा, असा अमेरिकी नियम आहे. फोर्कलिफ्टच्या चालकानेही तो पाळणे इष्ट.

मदतीला धावणारी माणसे

बहुतेक बनावटींत चालकाचे आसन मास्टच्या डाव्या बाजूला, खालच्या पातळीवर असते. डावीकडचे चांगले दिसते; उजवी बाजू मात्र मास्ट आणि पॅलेट यांच्या आड जाते. पॅलेट उंच असेल तर समोरचेही दिसत नाही, आणि यंत्र मागे-मागे चालवावे लागते. अशा वेळी उजवीकडून कुणी आला तर तो चालकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

आपल्याकडे माल आला की भोवती माणसे जमतात, आणि ती बघे नसतात. मदतीच्या भावनेने येतात. कुणी पॅलेट हाताने सरळ करतो, कुणी कलणारी थप्पी खांद्याने रेटून धरतो. दोन टनांची थप्पी माणसाच्या खांद्याने थांबत नाही. ट्रकचा क्लीनर हौद्यावर उभा राहून पॅलेट सोडवत असतो आणि काटे त्याच्याच दिशेने आत येत असतात. काट्यांवर उभे राहून वर चढणे तर सर्रास चालते. या सर्वांवर एकच उपाय आहे. मालाशी हात लागलेला असेपर्यंत यंत्र हलणार नाही, आणि यंत्र हलत असेपर्यंत कुणी त्याच्या कक्षेत येणार नाही. चालकाला प्रत्येक माणूस दिसला पाहिजे. एक जरी दिसेनासा झाला, तरी काटे खाली आणून थांबायचे.

यंत्र कलू लागले तर उडी मारायची नाही, हे मनाला पटणे कठीण असते. उडी मारणारा माणूस बहुधा यंत्र ज्या बाजूला पडते त्याच बाजूला पडतो आणि डोक्यावरच्या संरक्षक चौकटीखाली सापडतो. पट्टा बांधलेला असावा, पाय रोवावेत, चक्र घट्ट धरावे आणि पडण्याच्या विरुद्ध दिशेला कलावे, असे प्रशिक्षणात शिकवतात. पट्टा न बांधता हा सल्ला पाळताच येत नाही.

'अजून थोडे आत'

तांत्रिक नियम येथे संपतात आणि खरी ओढाताण सुरू होते. ग्राहकाला माल फाटकाशी नको असतो, थेट कामाच्या जागी हवा असतो. 'अजून थोडे आत घ्या' ही विनंती प्रत्येक फेरीत होते. चालक नाही म्हणाला, तर ग्राहक मालकाला दूरध्वनी करतो. मालक चालकाला. पुढच्या तीन फेऱ्या उशिरा होणार असतात. अशा स्थितीत बुजवलेल्या चरीवरून यंत्र घालण्याचा निर्णय चालकाने घेतला, असे कागदावर दिसते; प्रत्यक्षात तो निर्णय दूरध्वनीवर झालेला असतो.

म्हणून चालकाचे प्रशिक्षण जितके महत्त्वाचे, तितकेच महत्त्वाचे आहे त्याला माल न उतरवता परत येण्याचे स्वातंत्र्य. ते तोंडी असून उपयोग नाही. मागणी नोंदवतानाच ग्राहकाला जागेविषयी प्रश्न विचारणे, छायाचित्र मागवणे आणि 'जागा असुरक्षित वाटल्यास माल फाटकाशी उतरवला जाईल' हे चलनावर छापणे, एवढे केले तरी चालकाच्या खांद्यावरचे अर्धे ओझे कमी होते. परत आलेल्या फेरीचे पैसे चालकाच्या भत्त्यातून कापले जाणार असतील, तर मात्र बाकी सर्व सूचना व्यर्थ आहेत.

प्रशिक्षणाबाबत 'ओशा'चा नियम लक्षणीय आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला यंत्र चालवण्यास मनाई आहेच. शिवाय दर तीन वर्षांनी किमान एकदा चालकाची कामगिरी तपासावी लागते आणि अपघात झाला किंवा थोडक्यात टळला तरी त्याला पुन्हा शिकवावे लागते. शिक्षण त्या विशिष्ट प्रकारच्या यंत्राचे आणि त्या प्रकारच्या जागेचे हवे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या उचल-साधनांच्या नियमांनुसार यंत्राची ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी होते. ही तपासणी म्हणजे नेहमीचे ग्रीसिंग-ऑइलिंग नव्हे.

येथे आले तर

हे यंत्र महाराष्ट्रातील रस्त्यांवर येईल तेव्हा दोन प्रश्न त्याची वाट पाहत असतील.

पहिला रस्त्याचा. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून, केवळ कारखान्यात अथवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने वगळली आहेत. गोदामातील फोर्कलिफ्टला ही सवलत लागू पडते. पण ट्रकवरून उतरून सार्वजनिक रस्त्यावर पॅलेट फिरवणारे यंत्र बंदिस्त आवारात आहे, असे म्हणता येणार नाही. वाहनाबाहेर आलेल्या मालासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये दंड ठरवला. मागे टांगलेले यंत्र हा माल, की वाहनाचाच भाग? मागचे दिवे आणि क्रमांकाची पाटी त्याच्याआड गेल्यास त्या पुन्हा कोठे बसवायच्या? ट्रक विकत घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडून याचा लेखी निवाडा करून घेणे शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न माणसांचा, आणि तो अधिक नाजूक आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने पाठीवर ओझे वाहणाऱ्यांना नोंदणी, निश्चित मजुरी आणि भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ मिळवून दिले. टोळी आणि मुकादम, वाराई आणि मंडळ ही सारी व्यवस्था माणसाने उचललेल्या वजनावर उभी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली होती. त्याच्या आसपासचे पोते दिवसभर वाहणाऱ्याच्या मणक्याचे काय होते, हे सांगायला आकडेवारी नको. यंत्र आले तर तो मणका वाचेल. पण त्या मणक्यावर चालणारे घर कसे चालेल, याचे उत्तर यंत्राच्या पुस्तिकेत नाही. टोळीतल्याच तरुणांना चालक म्हणून प्रशिक्षित करणे हा एक मार्ग दिसतो. दगड, पोते, लादी यांचे वजन हाताला ठाऊक असलेला माणूस पाटीवरचा आकडा इतरांपेक्षा लवकर समजेल.

परतीचा प्रवास

शेवटची पॅलेट उतरली की काम झाले असे वाटते आणि याच टप्प्यावर निष्काळजीपणा शिरतो. यंत्र पुन्हा पाठीवर घेताना ट्रक रिकामा, म्हणून हलका असतो. हँडब्रेक नीट लागला नसेल तर काटे खोबणीत शिरताना तो पुढे ढकलला जातो. यंत्र वर गेल्यावर साखळ्या ताणून बांधणे, खिळी अडकवणे, इंजिन बंद करणे, मागचे दिवे लागतात का ते पाहणे, हे सर्व उतरवतानाइतक्याच काळजीने करावे लागते.

रिकाम्या ट्रकचे वागणेही बदललेले असते. मागच्या आसापासून दोन मीटर मागे अडीच टनांचे यंत्र टांगले आहे आणि ट्रकच्या दोन आसांमध्ये पाच मीटर अंतर आहे असे धरले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरचा भार सुमारे एक हजार किलोने कमी होतो आणि मागच्या आसावर साडेतीन हजार किलो अधिक पडतात. सकाळी भरलेल्या ट्रकवर हे जाणवत नाही, कारण हौद्यातला माल पुढचा भाग दाबून धरतो. संध्याकाळी तो नसतो. पुढची चाके हलकी झाल्याने ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि वळताना ट्रकची शेपटी बाहेर झेपावते. गोदामातून निघताना ज्या बेताने वळण घेतले, त्याच बेताने परतताना घेतले तर मागचे यंत्र शेजारच्या रिक्षाला किंवा दुभाजकाला घासू शकते. म्हणून पहिले काही किलोमीटर सावकाश जाऊन, बाजूला थांबून साखळ्यांचा ताण पुन्हा एकदा हाताने तपासायचा. आणि खोबणीत काट्यांची पकड पूर्ण आहे ना, हे विजेरीच्या प्रकाशात वाकून पाहायचे.